धुऱ्यापर्यंतचा समाजवाद

भाऊसाहेबांचा फुकटाला सक्त विरोध आहे. राजकमल चौकात कुणी गिला वडा पुढे केला आणि पैसे देऊ दिले नाहीत, तर ते खात नाहीत असे नव्हे. खातात, पण खाताना देशाच्या तिजोरीची काळजी वाहतात. "फोकट खाऊ घालून घालून लोकाईचं हाड हरामी करून ठेवलं ना बाप्पा या सरकारनं," असे म्हणत दुसरा वडा उचलतात. त्यातले 'या' कायमचे आहे. सरकारे येतात-जातात, 'या' जागचे हलत नाही.

हा नमुना वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीत रुक्मिणीनगरात नाहीतर अकोल्यात जठारपेठेत बांधलेले घर, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे चौदा-पंधरा एकर वावर, थोरला मुलगा पुण्यात कॉम्प्युटरपुढे, धाकटा वावरात, आणि घरमालकाला दिवसभर देश चालवायचे काम. आमचे भाऊसाहेब दर्यापूरचे. वावर खारपाणपट्ट्यातले, विहीर खणली तर पाणी खारे लागायचे. म्हणून अनुदानातून शेततळे घेतले. शेततळ्यावर साडेसात एचपीच्या आतली मोटार आहे, तिचे बिल २०२४ पासून शून्य येते. खात्यात वर्षाला दिल्लीचे सहा हजार, मुंबईचे सहा हजार. पंचाहत्तरी उलटली असल्याने एसटी फुकट. केशरी कार्डावर, आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत मोडतो म्हणून, धान्याऐवजी रोख रक्कम. एवढे सगळे घेऊन फुकटाच्या विरोधात ठाम उभे राहायला चारित्र्य लागते. ते भाऊसाहेबांकडे आहे.

"ते फोकट नाही रे," ते मला समजावतात. "तो सन्मान होय."

आणि कागदोपत्री त्यांचे बरोबर आहे. योजनांची नावे ठेवणाऱ्याला वऱ्हाडातल्या देशमुख-पाटलांचा स्वभाव नेमका ठाऊक असावा. दिल्लीची योजना 'किसान सन्मान निधी', मुंबईची 'नमो शेतकरी महासन्मान', फडणवीसांची २०१७ ची कर्जमाफी 'शेतकरी सन्मान', बायांचे एसटीतले अर्धे तिकीट 'महिला सन्मान'. मदत म्हटले की भाऊसाहेबांचा हात पुढे होत नाही. सन्मान नाकारणे मात्र त्यांच्या घराण्याच्या रीतीत बसत नाही. मजुराच्या घरी माणशी पाच किलो धान्य येते ती योजना 'गरीब कल्याण अन्न'. तिच्या नावात सन्मान नाही, गरीब आहे. म्हणून ते फोकट.

त्यांचे दुसरे आवडते वाक्य, "आमच्या टॅक्सच्या पैशातून वाटून राह्यले." शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, आणि भाऊसाहेबांचे दुसरे उत्पन्न नाही, तेव्हा त्यांनी आयुष्यात प्राप्तिकराचा फॉर्म पाहिलेला नाही. जीएसटी भरतात, साबणावर, चहापत्तीवर. त्यांच्याकडे भांडी घासणारी बाईही त्याच साबणावर त्याच दराने भरते. हे मी एकदा बोलून दाखवले. भाऊसाहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तिचा साबणापुरता असते. आपण सोफा घेतला तवा किती गेला, ते पाह्य ना."

या घरात खरा टॅक्स भरतो पुण्याचा मुलगा. त्याच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. भाऊसाहेबांना वाटायचे, पुण्यात राहण्याचे हे भाडे असावे. खरी गोष्ट अशी की १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये हा कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून काढायचा आणि खेड्यात खडी फोडणाऱ्याच्या हातावर ठेवायचा, इतके उघड संपत्तीचे वाटप महाराष्ट्रात सगळ्या पक्षांनी हसतखेळत मंजूर केले होते. कुणाच्या मंगळसूत्राची आठवण निघाली नाही. मुलाला हे कळले तेव्हा तो फोनवर म्हणाला, "बाबा, मग मी डावा आहे का?" भाऊसाहेब म्हणाले, "तू फक्त कापल्या जाऊन राह्यला."

भाऊसाहेबांच्या तोडीचा माणूस एकच, अकोल्याचे मामासाहेब. काकूंचे, म्हणजे भाऊसाहेबांच्या सौभाग्यवतींचे, थोरले भाऊ. महिन्याकाठी भाऊसाहेब सन्मानाच्या एसटीत बसून, काकूंचे अर्धे तिकीट काढून, अकोल्याला जातात. २०२२ च्या जूनमध्ये याच हमरस्त्याचे पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत उरकून गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हापासून भांडण लवकर सुरू होते एवढाच फरक.

मामासाहेब शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे. छातीवरचा लाल बिल्ला त्यांनी जपून ठेवलाय. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यांनी इतक्या रस्त्यांवर बसून दिली आहे, की अजून जेवायला वाढताना कुणी आग्रह केला तरी त्यांच्या तोंडात तीच येते. त्यांचे अर्थशास्त्र एका ओळीचे: सरकारने चाळीस-पन्नास वर्षे शेतमालाचे भाव पाडून शेतकऱ्याला लुटले, ती उणे सबसिडी, आता जे देते ते त्या लुटीचे सुटे पैसे. म्हणून दोन हजारांचा हप्ता आल्याचा मेसेज वाजला की ते जुन्या उधारीतले दोन हजार वसूल झाल्यासारखा चेहरा करतात आणि बाकी मनाशी मोजतात. त्या बाकीला अंत नाही. भाऊसाहेब सन्मान म्हणून घेतात, मामासाहेब वसुली म्हणून घेतात. बँकेला फरक कळत नाही.

त्यांच्या भांडणाचा हंगाम आला तो एप्रिल २०२४ मध्ये. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे मतदान २६ तारखेला. २१ ला राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत मोदी म्हणाले की काँग्रेस तुमच्या सोन्याचा हिशोब करून ते वाटून टाकेल, मंगळसूत्रसुद्धा सोडणार नाही. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात सोन्याबद्दल असे काही नव्हते. गरीब घरातल्या एका बाईला वर्षाला एक लाख द्यायचे तेवढे होते. पण भाऊसाहेब त्या दिवशी घाईने घरात आले आणि काकूंना म्हणाले, "कपाटाची किल्ली कोठी हाय? मोजून घे सारं."

काकू चाळणीने पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, "काय मोजू? पोत सोनेतारणात हाय. मागच्या पेरणीले तुमीच ठेवली ना? माही पोत कोन्या पक्षानं नाही नेली, तुमच्या सोयाबीननं नेली."

भाऊसाहेबांनी हा मुद्दा प्रचाराबाहेरचा ठरवला.

मग २४ तारखेला सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला: माणूस मेला की तिथे पंचावन्न टक्क्यांपर्यंत सरकार नेऊ शकते. काँग्रेसने दुपारपर्यंत हात झटकले, पण भाऊसाहेबांनी तोवर गणित करून टाकले होते. चौदा एकरांचे पंचावन्न टक्के, सात एकर अठ्ठावीस गुंठे. लगेच अकोल्याला फोन. "सात एकर अठ्ठावीस गुंठे चाल्लं ना राजेहो!"

मामासाहेब थंडपणे म्हणाले, "असा कर होता आपल्याकडे. १९५३ पासून. मेल्यावर लागे."

"अन् मंग?"

"१९८५ त काढला. राजीव गांधीच्या सरकारनं, व्ही. पी. सिंग अर्थमंत्री होते तवा. संपत्ती कर जेटलींनी काढला, २०१५ त. मालदाराचा कर दोघाईनं काढला भाऊजी. तुमी कायले रडता?"

फोनवर बराच वेळ शांतता होती. भाऊसाहेबांना दिलासा मिळाला होता, आणि त्याच वेळी भांडायचे साधन हातचे गेले होते. दुसरे दुःख मोठे असावे, कारण त्यांनी त्या रात्री जेवताना पुन्हा सात एकरांचा विषय काढला. तो विषय मिटला नोव्हेंबरात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या खटल्यात, सगळीच खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसामग्री ठरत नाही असा निकाल बहुमताने दिला. भाऊसाहेबांनी गल्लीत पेढे वाटले. आठवड्याभराने कळले की पेढे पुण्याच्या मुलाला बढती मिळाल्याचे होते आणि एका खर्चात दोन कामे उरकली होती.

जमिनीच्या वाटपाचा हा धसका त्यांच्या रक्तात आहे, आणि तो अगदीच उगाच नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ च्या सुमारास तो आवळला आणि कोरडवाहूची मर्यादा चोपन्न एकरांवर आणली. त्या वेळी भाऊसाहेबांच्या वाड्यात चूल एक होती आणि कागदावर चार कुटुंबे झाली. वाटणीपत्रांवरच्या तारखा मागच्या, शाई त्याच आठवड्यातली. दूरच्या आत्याबाईंना आपण दर्यापूर तालुक्यात जमीनदार आहोत हे मरेपर्यंत कळले नाही. विनोबांचे भूदान आले तेव्हा घराण्याने पाच एकर दिले होते. त्यांतले किती पिकाऊ होते हे विचारल्यावर भाऊसाहेब भूदानाच्या आध्यात्मिक अंगाकडे वळतात. पुढे घराण्याची उरलेली जमीन भावंडांत वाटली जाऊन आपोआपच मर्यादेखाली आली. कायद्याला जे जमले नाही ते चार भाऊ आणि पाच सुनांनी करून दाखवले. पाचवी सून कुठून आली हे विचारू नये.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळचे भाऊसाहेब पाहायला हवे होते. दोन वर्षांपूर्वी पंतप्रधानांनी फुकटच्या वाटपाला 'रेवडी' म्हणून हिणवले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी लाडकी बहीण आणली, महिन्याला १,५००. विरोधकांनी तिजोरी बुडाली म्हणून ओरड केली, आणि मग महालक्ष्मी योजनेचे ३,००० कबूल केले. तोवर सत्ताधारी २,१०० वर आले होते. भाऊसाहेबांच्या मते हा सरळ अकोल्याच्या बाजार समितीतला हर्रास होता. फरक एवढाच, की इथे मालाच्या ढिगाला दर बोलीला भाव चढत होता. खऱ्या हर्रासात त्याच आठवड्यात सोयाबीन हमीभावाच्या ४,८९२ रुपयांच्या खाली विकले जात होते, आणि ते वर न्यायला कुणी बोली बोलत नव्हते. हे वाक्य मामासाहेबांचे. भाऊसाहेबांनी ते दुसऱ्या दिवशी अमरावतीत स्वतःचे म्हणून वापरले. हर्रास या शब्दावर लोक हसले, सोयाबीनवर कुणी हसले नाही.

त्याआधी ऑगस्टमध्ये अमरावतीतच एका कार्यक्रमात आमदार रवी राणा बोलून गेले होते, की आशीर्वाद दिला नाही तर भाऊ म्हणून हे दीड हजार परत काढून घेईन. टीका झाल्यावर गंमत केली म्हणाले. भाऊसाहेबांना मात्र त्यात विचार दिसला. "बोलला त खरंच ना. दिलेलं मोजून ठेवा लागते." निकालात जिल्ह्यातल्या आठ जागांपैकी महाविकास आघाडीकडे एकटे दर्यापूर राहिले. सहाच महिन्यांपूर्वी याच अमरावतीने काँग्रेसचा खासदार दिला होता. भाऊसाहेब दोन्ही निकालांचे श्रेय घेतात. दर्यापूरचे खास.

पण एवढे सगळे ऐकून भाऊसाहेब कोणत्या पक्षाचे, असे कुणी विचारले तर मला सांगता येत नाही. १९८९ मध्ये या मतदारसंघाने कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून दिले होते. त्या विळा-कणसाला आपण मत दिल्याचे ते अभिमानाने सांगतात. त्यानंतर पंजाला दिले, धनुष्यबाणाला दिले, कमळाला दिले. गाडगेबाबांचे नाव निघाले की डोळे पुसतात: बाबा गावात आले की आधी झाडू मारायचे, मग भाकर मागायचे, फोकट खाल्ले नाही. झाडू मारण्याचा भाग ते नेहमी दुसऱ्याला उद्देशून सांगतात. त्यांचा समाजवाद सच्चा आहे, फक्त तो धुऱ्यापर्यंत येतो आणि तिथे वाकून पलीकडे पाहतो. पलीकडच्याला काय मिळाले यावर त्यांची डावी-उजवी बाजू ठरते.

ते मला नीट कळले कापसाच्या दिवसांत, गेल्या वर्षी. पऱ्हाटी फुटली होती, आकाश भरून येत होते, आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. भाऊसाहेब धाकट्याला घेऊन स्वतः वस्तीत गेले. मी बरोबर होतो.

"उद्या येजा ना बाई वेचायले."

"उद्या नाही जमत भाऊसाहेब," ओट्यावर बसलेली टोळीची मुकादमीण म्हणाली. "उद्या आमचं लाडक्या बहिणीचं केवायसी हाय."

"मंग परवा?"

"उद्या ओटीपी नाही आला त परवा बी जा लागते."

"अन् तेरवा?"

"तेरवा येतो ना. किलोले काय देता ते सांगा आंधी."

आणि मग तिने आत वळून पोरीला सांगितले, "भाऊसाहेबाले खुर्ची दे वं."

प्लास्टिकची लाल खुर्ची आली. भाऊसाहेब बसले. परत येताना ते बोलेनात. भाव किलोमागे वाढवून द्यावा लागला होता, पण हिशेब त्या भावाचा नव्हता. याच बाया पूर्वी उचल मागायला त्यांच्या वाड्यावर यायच्या आणि ओट्याखाली उभ्या राहायच्या. उचल दिली की हंगामभर दुसऱ्याच्या वावरात जायची सोय नसे. आता घरात पाच किलो धान्य आणि खात्यात दीड हजार असले की ओट्याखाली उभे राहायची निकड उरत नाही. दीड हजारात कुणी श्रीमंत होत नाही. 'उद्या नाही जमत' एवढे म्हणता येते. गाडी हमरस्त्याला लागल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "मजूर माजले." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "चांगली खुर्ची होती पन."

मामासाहेबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी बिल्ल्याला शोभेल असे उत्तर दिले: सोयाबीनला नीट भाव द्या, तुम्ही बायांना नीट मजुरी द्या, सरकारने मधून उठावे. तत्त्व म्हणून मला ते पटते. पण मामासाहेबांच्या वावरातही त्या आठवड्यात वेचणीला बाया नव्हत्या, आणि त्यांनीही भाव वाढवला तो खुर्चीवर बसल्यावरच.

सध्या दोघांत एकमत झाले आहे, आणि त्याने घरचे घाबरले आहेत. बच्चू कडूंचे मोझरीचे उपोषण, मग नागपूरचा ट्रॅक्टर मोर्चा, आणि कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ हा सरकारचा शब्द, इतके झाल्यावर पीककर्ज भरायचे की थकवायचे हा प्रश्न आला. भाऊसाहेबांचा पूर्वानुभव वाईट. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांच्या वरच्याला पुरती माफी नव्हती. वऱ्हाडात कोरडवाहू वावर मोठे आणि पीक लहान, त्यामुळे ते बाहेर राहिले. २०१७ ला ते नियमित भरणारे निघाले. थकलेल्याला दीड लाखापर्यंत माफी, यांना बक्षीस पंचवीस हजारांच्या आत. २०१९ ला उद्धव ठाकरेंच्या सरकारने थकलेल्याला दोन लाख दिले, नियमितवाल्याला पन्नास हजार कबूल केले आणि तेही उशिरा. "तीन पार्ट्याईनं माह्या इमानदारीचा लिलाव केला," भाऊसाहेब म्हणतात, "अन् बोली पन्नास हजाराच्या वर गेली नाही." म्हणून यंदा थकवायचे. मामासाहेबही थकवणार, पण तत्त्वाने: जे कर्ज मुळात आपले नाहीच ते भरायचे कसे? त्यांना कर्जमाफी नको, कर्जमुक्ती हवी. माफी गुन्हेगाराला असते. पैसे दोघांचेही ठेवीत आहेत.

हा निर्णय झाला त्याच रविवारी धाकटी सून गावाहून एक फॉर्म घेऊन आली. तिचा दीड हजाराचा हप्ता चालू होता, पण गावात बोलवा होती की चारचाकी असलेल्या घरांची तपासणी होणार. ट्रॅक्टर चालतो, मोटार चालत नाही. मोटार भाऊसाहेबांच्या नावावर, आणि रेशनकार्ड सगळ्यांचे एक. तिला वेगळे कार्ड हवे होते.

"म्हंजे खोटं विभक्त व्हायचं? सरकारले फसवायचं?" भाऊसाहेब कडाडले. "आपल्या खानदानात हे नाही झालं कधी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी पहिली सही त्यांच्याकडून वाटणीपत्रावर घेतली होती.

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, फॉर्म उलटसुलट केला, आणि चश्मा मागवला. सही करून झाल्यावर पेन सुनेला परत देत हलक्या आवाजात म्हणाले, "मोटार माह्याच नावावर राह्यली आता. येत्या सोमवारी अकोल्याले घेऊन जा लागते, मामासाहेबाच्या पायाले लागलं, एसटीत चढता येत नाही त्याईले. पेट्रोलले पाचशेक असतीन का तुह्याकडे?"

सुनेने बटव्यातून पाचशेची नोट काढली, त्यांच्या हातावर ठेवली आणि मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतले.

"लिहून ठेवलं मामाजी," ती म्हणाली. "पह्यल्या तारखेले देजा. माह्याकडे माफी नसते."